मनाचे दुखणे आणि मुक्ताईची रीत



संतसज्जनहो, माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना समाजआरतीची रीत सांगायला नको. परंतु वार्धक्यामुळे वा प्रपंचामुळे जे घरीच राहतात आणि अशा पानांतूनच वारीचे सुख घेतात, त्यांच्याकरिता सांगतो. दिवसभर चालून पालखी मुक्कामाच्या तळावर येते. भोवती दिंड्या उभ्या राहतात. टाळमृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. इतक्यात चोपदार हातातला दंड उंच करतात, 'होऽ' अशी आरोळी देतात, आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती दिंडी टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात. कोणाला पाणी मिळाले नाही, कोणाच्या तंबूची जागा गेली, काय असेल ते ऐकून घेतात. निवाडा होतो आणि तो टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच. त्यानंतर आरती. गाऱ्हाणे ऐकल्यावाचून आरती नाही! हैबतबाबांनी या सोहळ्याला जे शिस्तीचे वळण लावले, त्या वळणातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुष्कळ वर्षे ही आरती डोळे भरून पाहिली. परंतु मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून त्या शांततेत माझ्या मनात एक शंका येऊ लागली. ज्याच्या हातात बळ आहे तो गाऱ्हाण्याचा टाळ वाजवील. पण ज्याचे दुःखच असे, की टाळ उचलायला हात उठत नाही, त्याचे काय? त्याचा टाळ तर चोपदारांनी दंड उचलण्याच्या आधीच थांबलेला आहे. सगळे गप्प झाले की तोही सुखी माणसांत मोजला जातो. त्याच्यापाशी कोणी जायचे?

आज त्याच माणसाविषयी बोलायचे आहे.

दुःख कोणाला चुकले आहे? बाप वारला, उभे पीक वाहून गेले, पोरगा परीक्षेत नापास झाला, तर वाईट वाटायचेच. माणूस रडतो, भांडतो, विठोबालाही चार शब्द सुनावतो, आणि काही काळाने खांद्यावर फावडे टाकून शेतावर जातो. हा वाजणारा टाळ आहे. याची फार काळजी करू नये. पण दुसरी एक अवस्था असते. पंधरा पंधरा दिवस, महिना महिना उलटतो आणि मनावरचा दगड हलत नाही. अन्नाला चव नाही. पहाटे तीनला जाग येते व पुन्हा डोळा लागत नाही. नातवंड मांडीवर येऊन बसले तरी आनंद होत नाही. काही जण उलट चिडचिडे होतात. आणि आत एकच घोकणे चालते की, मी निरुपयोगी आहे, मी घराला भार आहे. डॉक्टर यास नैराश्य म्हणतात, डिप्रेशन म्हणतात. हे दुखणे आहे, जसे मधुमेह हे दुखणे आहे. भित्र्याला होते, धीराच्यालाही होते. आणि हरिपाठ चुकवणाऱ्याला होते तसे न चुकवणाऱ्यालाही होते, हे मला उशिरा कळले.

कसे कळले ते सांगितलेच पाहिजे, कारण चूक माझी आहे.

आमच्या दिंडीत मराठवाड्याकडचे एक वीणेकरी होते. नाव सांगत नाही. आवाज गोड, चाली शुद्ध, गळ्यात वीणा घेऊन उभा राहिला की दिंडीला चालायला हुरूप यावा असा माणूस. दोन वर्षे पावसाने दगा दिला, विहीर आटली, कर्ज झाले. हे सारे त्याने सोसले. गंमत पाहा, तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला, कर्जाचे हप्ते बसले, आणि त्यानंतर हा माणूस खचला. बोलेना. एकादशीच्या भजनाला येऊन खांबाला टेकून बसे, टाळ मांडीवर तसाच. मी त्याला बाजूला घेतले आणि, देव मला क्षमा करो, काय सांगितले? म्हणालो, "बुवा, नामात कमी पडत आहे. ज्याचा भाव बळकट त्याला चिंता शिवत नाही. उद्यापासून हरिपाठ दोन वेळा करा." त्याने मान हलवली, पाया पडला, निघून गेला. मला वाटले, उपदेश लागू पडला.

त्या वर्षी तो आषाढीला आला नाही.

श्रोतेहो, आमच्या पाठशाळेत गीतेचा पहिला अध्याय भरभर उरकून दुसऱ्यापासून खरा अभ्यास सुरू होत असे. तत्त्वज्ञान दुसऱ्यात आहे, पहिल्यात काय, नुसती वीरांची नावे आणि रडगाणे! आता उतारवयात मी पहिला अध्याय पुन्हा काढून बसतो. भगवद्गीतेची सुरुवात कशाने होते? विषादाने. अर्जुनाला आजार होता असे मी म्हणत नाही, शास्त्राचा तसा ओढून-ताणून अर्थ करू नये. पण व्यासांनी वर्णन केले आहे ते पाहा. अवयव गळाले, तोंडाला कोरड, अंगाला कंप, कातडीची आग, हातून गांडीव सुटले, उभे राहवेना, मन गरगरू लागले. मन खचले की शरीर आधी बोलते, हे व्यासांना ठाऊक होते. आणि हे कोणाचे वर्णन? भित्र्याचे नव्हे, गांडीवधारी पार्थाचे.

आता भगवान काय करतात? सबंध पहिल्या अध्यायात भगवंतांच्या तोंडी एक अर्धा श्लोक आहे! समोर जमलेले हे कौरव पाहा, एवढेच. त्यानंतर अर्जुन बोलतो आणि भगवान ऐकतात. मध्ये तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याला रागावतात, हे कसले दुबळेपण म्हणून. मग अर्जुन उठला का? नाही उठला. रागावून माणूस उठत असता तर गीता तिथेच संपली असती. तो आणखी बोलला, आणि 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. तेव्हा कुठे भगवान हसऱ्या मुखाने शांतपणे बोलू लागले, आणि मग सातशे श्लोकांच्या त्या ग्रंथाचा बाकीचा सारा विस्तार झाला. एवढा वेळ घोड्यांचे लगाम हातात धरून तो जगाचा स्वामी त्याच्याजवळ होता. रथातून खाली उतर म्हणाला नाही. अन् शेवटी काय म्हणाला? मी सांगितले ते नीट विचारात घे आणि तुला वाटेल तसे कर. केवढी ही थोरवी!

जरा व्याकरणाकडे वळतो, कंटाळू नका. विषाद या शब्दात 'सद्' धातू आहे. बसणे, खचणे, खाली जाणे असा त्याचा अर्थ. विषाद म्हणजे मनाचे खाली बसणे. अर्जुन शेवटी रथात बसतोच. आता उपनिषद हा शब्द घ्या. त्यातही तोच धातू! उप म्हणजे जवळ. जवळ बसणे ते उपनिषद. ज्या धातूतून खचणे निघाले त्याच धातूतून जवळ बसणे निघाले. गुरुजींनी ही व्युत्पत्ती लहानपणी घोकून घेतली होती, पण माझ्या त्या वीणेकऱ्याजवळ बसण्याची बुद्धी काही मला झाली नाही. मी उभ्याउभ्या उपदेश दिला.

ती बुद्धी झाली त्याच्या धाकट्या बहिणीला. सासरी तिला कळले की दादा खोलीची कडी लावून बसतो, दोन दोन दिवस जेवत नाही. ती कडेवर पोर घेऊन एस.टी.ने आली. दाराबाहेर बसली. वहिनी म्हणाली, आम्ही हाका मारून थकलो. ही म्हणाली, मी हाका मारीत नाही, मी नुसती बसते. मग अधूनमधून आतल्याला ऐकू जाईल असे बोलत राहिली. लहानपणी तू मला नदीपलीकडे खांद्यावरून नेलेस, बाबांनी तुला वीणा दिली तेव्हा तू किती रडला होतास, असे. संध्याकाळी म्हणाली, "दादा, जेवू नको. बोलूही नको. नुसती कडी काढ." रात्री केव्हातरी कडी निघाली.

वारकऱ्यांनो, हे ऐकताना तुम्हाला आळंदी आठवली असेल. माउलींना लोकांच्या वागण्याचा विषाद झाला, त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली, आणि मुक्ताई बाहेर उभी राहिली, ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. ताटीचे अभंग आपल्याला पाठ आहेत. पण त्यांतला एक प्रकार माझ्या ध्यानात आला नव्हता. मुक्ताई धाकटी. आत बसलेला भाऊ कोण, तर पुढे ज्याला सारे जग माउली म्हणते तो. त्याच्यावरही ताटी लावून घेण्याची वेळ आली! मग तुमची-आमची काय कथा? आणि मुक्ताईने ताटी मोडली नाही, गाव गोळा केला नाही. ती त्याला त्याच्या थोरपणाची आठवण देते, जगाचा राग सोसण्याविषयी बोलते, आणि फिरून फिरून त्याच एका विनवणीवर येते. उघडायचे आतल्याने आहे. बाहेरच्याने निघून जायचे नाही, एवढेच त्याच्या हाती.

आणखी एक. या चार भावंडांच्या आईबापांना धर्ममार्तंडांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी ते घेतले, असे परंपरा सांगते. समाजाने तोंड फिरवले की माणसाचे काय होते, ते या लेकरांनी घरातच पाहिले होते. ताटीबाहेर उभी राहिलेली मुक्ताई कशाच्या भीतीने उभी राहिली असेल, याचा मी अलीकडे विचार करतो.

बरे, कडी निघाली, पुढे काय? बहिणीने दुसऱ्या दिवशी भावाला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. मला बोलावणे आले म्हणून मीही गेलो. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मी कधी न विचारलेले प्रश्न विचारले. झोप किती लागते? सकाळी जास्त वाईट वाटते की संध्याकाळी? आणि मग अगदी सरळ, "काका, जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?" माझ्या अंगावर काटा आला. वाटले, हे असे विचारतात का कोणाला! पण तो वीणेकरी ढसाढसा रडला आणि म्हणाला, "होय. रोज." चार महिन्यांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. बाईंनी नंतर मला समजावले की असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. आत कोंडलेला असतो तो बाहेर पडतो. हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे, कधी महिनाही लागतो, तोवर धीर धरावा लागतो. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करावयाच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा उतरवत आणायच्या. आपल्या लोकांत समज आहे की मनाच्या गोळ्या म्हणजे व्यसन, किंवा गोळी घेतली म्हणजे नामावरचा विश्वास उडाला. हा समज शास्त्राला धरून नाही. चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, व्रत, तीर्थ इत्यादी, युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार व औषध, आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला घातक गोष्टींपासून आवरून धरणे. तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच आचार्याने सांगितले. पहिला करणाऱ्याने दुसरा सोडावा असे चरक कुठे म्हणतो? माळकरी माणूस दम्याचे औषध घेतो, मोतीबिंदू काढून घेतो, तेव्हा माळेला उणेपणा येत नाही. मग मनानेच काय घोडे मारले आहे? औषध चालू असताना एकादशी कशी करावी तेही डॉक्टरांना विचारावे. पांडुरंग काही हिशेब घेऊन बसलेला नाही.

नामाचे महत्त्व यात कमी होत नाही. वारीत चालून, चार लोकांत जेवून, पाया पडणाऱ्याच्या पाया पडून पुष्कळांची मने हलकी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नाम हे आजाऱ्याच्या डोक्यावर मारायचे दांडके नव्हे. त्या वीणेकऱ्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हरिपाठ म्हणावासा वाटला तर म्हणा, नाही वाटला तर ऐका, तोही नको वाटला तर राहू द्या." मी इतकी वर्षे कीर्तन करतो, मला असे सांगता आले नाही.

काही गोष्टी थोडक्यात सांगून टाकतो. घरात असे कोणी असेल तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे त्याच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत. बाळंतपणानंतर सून उदास झाली, रडू लागली, बाळाला जवळ घेईना, तर बाहेरचे झाले म्हणून देवऋष्याकडे धावू नये. तेही दुखणेच आहे आणि बरे होणारे आहे. अंगातले भूत काढतो म्हणून मारहाण करणे हा आपल्या राज्यात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होते. सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. फडाच्या वहीत पहिल्या पानावर हा क्रमांक लिहून ठेवा, अशी माझी दिंडीचालकांना विनंती आहे. आणि कोणी जीव देण्याचा प्रयत्न करून वाचला तर पोलिसांच्या भयाने दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा न करता सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरवले आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या संप्रदायात समाधी हा शब्द पवित्र आहे. खचलेला माणूस कधी कधी म्हणतो, "मीही आता देवाच्या पायाशी जातो, समाधी घेतो." हे ऐकून 'काय वैराग्य!' म्हणू नये. घाबरावे, आणि त्याच्याजवळ बसावे. शके १२१८ मध्ये माउलींनी संजीवन समाधी घेतली ती निवृत्तिनाथांच्या साक्षीने, संतमेळ्यात, हाती घेतलेले कार्य पुरे झाल्यावर. मला कोणी नाही, माझा उपयोग नाही, या विचाराने काळोखात उठून जाणे ही समाधी नव्हे. तो आजार बोलतो आहे.

पण ज्या घरातून असा माणूस खरोखर गेला, त्या घरापुढे मात्र पापपुण्याची पोथी उघडू नका. काही गावांत अशा घरी तेराव्याला कीर्तन करायला बुवा का-कू करतात. मी जातो. तुकोबांच्या घरी दुष्काळात अन्नान्न करीत पहिली बायको गेली, लेकरू गेले, व्यापार बुडाला, आणि पुढे त्यांनी हे सारे आपल्या अभंगांत लाज न बाळगता सांगून ठेवले. ज्या संप्रदायाच्या कळसाने आपले दुःख झाकले नाही, त्या संप्रदायाच्या कीर्तनकाराने दुःखी घराकडे पाठ फिरवावी काय? अशा घरी मी विषय लांबवीत नाही. कीर्तन आटोपले की त्या माउलीजवळ घोंगडीवर बसतो. चहा येतो. गेलेल्याच्या आवडीनिवडी निघतात.

आमच्या वीणेकऱ्याला बरे व्हायला वर्षाच्या वर गेले. मधे एकदा पुन्हा घसरण झाली, गोळी बदलावी लागली. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "महाराज, तुम्ही नामात कमी पडतो म्हणालात ना, तेव्हा मला वाटले, आता देवानेही टाकले." हे वाक्य मी विसरू शकत नाही. कीर्तनाला उभे राहिल्यावर 'भाव बळकट असेल तर' असे शब्द तोंडाशी आले की जीभ आवरतो, आणि मांडवाच्या मागच्या खांबाकडे बघतो, टाळ मांडीवर ठेवून कोणी बसले आहे काय.

पुढच्या आषाढीला तो आला. वीणा घेतली नाही, शेवटच्या ओळीत चालला. समाजआरतीच्या वेळी मी मुद्दाम त्याच्याशेजारी उभा राहिलो. काही बोललो नाही.

यंदा गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात त्याने पहाऱ्याला नाव दिले. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायची, हे आपण जाणताच. पूर्वीचा हा माणूस रात्रभर एकटा उभा राहायचा, कोणी मागितली तरी द्यायचा नाही. त्या रात्री दीडच्या सुमारास तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "महाराज, दमलो. जरा धरा." मी उठून वीणा गळ्यात घेतली. तो भिंतीला टेकून बसला आणि थोड्या वेळाने तिथेच झोपला.